झडती

अठ्ठावीस वर्षं मी नोटांमधले दोष शोधले.
जेलरोडच्या प्रेसमध्ये, तपासणीच्या लांब टेबलाशी,
एकेक शीट उजेडाकडे धरून:
इथे शाई पसरली, इथे आकडा अर्धा,
इथे धागा केसभर सरकलेला.
"पाटोळ्याच्या नजरेतून देवसुद्धा सुटायचा नाही,"
सुपरवायझर शेलार म्हणायचा.
मी हसायचो. पण मला ते खरंच वाटायचं, प्रभू.
तुला ठाऊक आहे, तरी सांगून टाकतो.

रविवारी शरणपूरच्या देवळात बसलो
तरी माझं लक्ष वेदीच्या कापडाच्या वाकड्या शिवणीकडे,
कोण बेसूर, कोण उशिरा आलं.
तुझ्या मनासारखं होवो, म्हणायचो,
आणि आतल्या खिशात माझ्या मनाची यादी,
क्रमांक घातलेली.
"अहो, थोडं त्याच्यावरही सोडा," प्रिस्का म्हणायची.
सोडलंय की, म्हणायचो,
आणि गॅसचं बटण पुन्हा बघायला उठायचो.

ती गेली त्या वर्षी
नजरेच्या मधोमध एक राखाडी नाणं येऊन बसलं.
डॉक्टर म्हणाला, पडद्याचा मधला भाग झिजलाय,
कडा शाबूत राहतील.
म्हणजे असं, की ज्याच्याकडे पाहीन
तेच नेमकं नाहीसं होतं.
माणसाचे कान दिसतात, खांदे, मागची भिंत.
चेहरा नाही.

तरी मी वाचनाची पाळी सोडली नाही.
शेजारच्या पोराकडून वाचून घेऊन
तीन रात्री अध्याय घोकला. पान समोर नुसतं देखाव्याला.
उभा राहिलो. घसा खाकरला.
सहाव्या ओळीनंतर
काहीच नाही.
पंख्याची करकर. कुणाचं तरी बाळ.
खाली पाहिलं, तर नाणं.

तेव्हा चपला वाजवत केतुरा आली,
साळव्यांची धाकटी, दुसरीतली.
स्टुलावर चढली, ओळीवर बोट ठेवलं.
"आ-श्र-य," ती म्हणाली.
"आश्रय," मी म्हणालो.
जोडाक्षरं आली की ती अडायची,
ती अडली की मीही, सगळी मंडळीही.
एके ठिकाणी तिनं साफ चुकीचं वाचलं.
बरोबर शब्द माझ्या जिभेवर होता.
आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा
दोष असलेलं शीट
मी पुढे सरकू दिलं.

प्रेस सुटली की गेटवर झडती असायची.
हात वर, बोटं पसरून, खिसे उलटे.
कागदाचा कपटासुद्धा बाहेर न्यायचा नाही.
दिवसभर कोट्यवधी हाताळायचे
आणि रिकाम्या हातांनी घरी जायचं.
त्याचा मला रोज राग यायचा, रोज.
त्या रविवारी आशीर्वादाच्या वेळी हात वर केले
आणि खांद्यांना ती उंची ओळखीची वाटली.
घे, तपास.
माझं असं काही बाहेर नेत नाहीये.

खोटं बोललो. पावलं मोजायची सवय आहे अजून,
देवळाच्या पायरीपासून कोपऱ्यापर्यंत तीनशे बारा.
आतल्या खिशात असेल. सापडेल तुला.

आता कॅनडा कॉर्नरला उभा आहे.
केतुराची आई मागे पेरूवाल्याशी घासाघीस करतेय,
केतुरानं माझी करंगळी धरलीय.
रिक्षा, दुचाक्या, एक लांबलचक बस,
सगळ्यांच्या नुसत्या कडा.
मी कान टवकारतो, अंतराचा हिशेब मांडतो,
एक पाय पुढे टाकतो.
"आजोबा, थांबा ना!"
थांबतो.
गरम धूर, हॉर्न, कुणीतरी शिवी देऊन जातं.
मग काही वेळ तेही नाही.

करंगळी ओढली जाते.